मॅनेजरची चाचणी: न येणाऱ्या नोंदींचा हिशेब

जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कमध्ये डेटाबेसला विचारायचा प्रश्न मॅनेजरमार्फत जातो. मॉडेल लिहिले की ‘ऑब्जेक्ट्स’ नावाचा साधा मॅनेजर आपोआप मिळतो. तोच प्रश्न दहा ठिकाणी विचारायची वेळ आली की तो एका जागी आणून त्याला नाव दिले जाते आणि स्वतःचा मॅनेजर तयार होतो. पुढे सगळ्या याद्या, अहवाल आणि बेरजा त्याच्यावर उभ्या राहतात. त्यात चूक असली तरी पान उघडते, आकडेही दिसतात. फक्त ते खरे नसतात. म्हणून त्याची चाचणी इतर भागांपेक्षा जास्त बारकाईने व्हायला हवी.

उदाहरणासाठी देऊळगाव राजासारख्या कापूस-सोयाबीनच्या बाजारातील आवकेची नोंदवही घेता येईल. एका नोंदीत गाव, शेतकरी, अडत्या, माल, क्विंटलमधले वजन, गाडी आल्याची वेळ आणि नोंद रद्द आहे की नाही, एवढी माहिती. मॅनेजरने गावानुसार आणि हंगामानुसार आवक काढायची, रद्द नोंदी वगळायच्या आणि अडत्याची बेरीज द्यायची.

चाचणीसाठी जँगो वेगळा डेटाबेस उभारतो, त्यामुळे खऱ्या नोंदींना धक्का लागत नाही. ‘टेस्टकेस’ वर्गातली प्रत्येक चाचणी एका व्यवहारात चालते आणि संपताच तो मागे घेतला जातो. १.८ या आवृत्तीपासून ‘सेटअप-टेस्ट-डेटा’मध्ये नमुन्याच्या नोंदी वर्गामागे एकदाच भरता येतात. डेटाबेसच्या जागी बनावट उत्तरे देणारी वस्तू ठेवण्याची पद्धत इथे निरुपयोगी आहे. मॅनेजरचे सगळे काम डेटाबेसकडून नेमके उत्तर काढण्याचे असते. तेच बाजूला काढले तर तपासायला काही उरत नाही.

नमुन्याच्या नोंदी निवडणे हा या कामातला सर्वांत विचाराचा भाग. ‘देऊळगाव’ असा शोध घेतला आणि नमुन्यात फक्त देऊळगाव राजाच्या नोंदी असल्या, तर ढिसाळ मॅनेजरही उत्तीर्ण होतो. बुलढाणा जिल्ह्यातच देऊळगाव राजा तालुक्यात देऊळगाव मही आहे, चिखली तालुक्यात देऊळगाव घुबे, मेहकर तालुक्यात देऊळगाव साकर्शा. या तिन्ही गावांची एकेक नोंद नमुन्यात हवी आणि ती उत्तरात येत नाही, हे स्पष्ट तपासायला हवे. उलट, ‘देऊळगांव’ आणि ‘देउळगाव’ अशी वेगवेगळ्या लेखनाची नोंद सापडायला हवी. जुन्या कागदांवरून भरलेल्या माहितीत ती हमखास असते.

मराठीत आणखी एक अडचण आहे आणि ती डोळ्यांना दिसत नाही. ‘वऱ्हाडे’ या आडनावातला ऱ्ह टंकण्याच्या पद्धती अनेक: स्वतंत्र ऱ, नाहीतर र आणि नुक्ता, नाहीतर हलन्त र आणि त्यामागे अदृश्य ‘झिरो विड्थ जॉइनर’. पडद्यावर तिन्ही रूपे सहसा सारखीच दिसतात, डेटाबेसला मात्र ती तीन वेगळी नावे वाटतात. युनिकोडचे ‘एनएफसी’ प्रमाणीकरण पहिली दोन एकत्र आणते. तिसरे तसेच राहते आणि त्याची सोय स्वतंत्रपणे करावी लागते. चाचणीत ही रूपे युनिकोडच्या संकेतांकांनी लिहावीत, म्हणजे पुढच्या वाचणाऱ्याला फरक दिसेल.

हंगामाचा मॅनेजर सीमेवर तपासायचा. कापसाचे वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होऊन ३० सप्टेंबरला संपते, म्हणून नमुन्यात या दोन्ही दिवसांच्या नोंदी हव्यात. जँगोचा जन्म अमेरिकेतील कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या कार्यालयात झाला. त्याच्या मूळ सेटिंगमध्ये आजही शिकागोचा वेळ-विभाग आहे. नवा प्रकल्प उघडला की तिथे ‘यूटीसी’ येते. ‘एशिया/कोलकाता’ लिहायचे राहिले तर १ ऑक्टोबरच्या पहाटे ४ वाजता फाटकावर नोंदलेली गाडी ३० सप्टेंबरच्या रात्री साडेदहाची ठरते आणि मागच्या हंगामात जाते. दुपारच्या नोंदीवर ही चूक कधीच उघडी पडत नाही. वेळेच्या रकान्याला ‘ऑटो-नाऊ-ॲड’ असेल, तर नोंद तयार करताना दिलेली वेळ पुसली जाते. नंतर ‘अपडेट’ने ती बसवावी लागते.

बेरजेची चाचणी तर एकेका नोंदीवर कधीच करू नये. एका अडत्याकडे १२ आणि ८ क्विंटलच्या दोन आवका आहेत आणि त्याने शेतकऱ्यांना तीन चुकारे केले आहेत, असे समजा. आवकेची आणि चुकाऱ्यांची बेरीज एकाच ‘ॲनोटेट’मध्ये मागितली की डेटाबेस दोन्ही तक्ते एकमेकांशी जोडतो आणि सहा ओळी तयार होतात. मग आवक २०ऐवजी ६० क्विंटल दिसते आणि चुकाऱ्यांची रक्कम दुप्पट होते. नमुन्यात एकच आवक आणि एकच चुकारा असता, तर उत्तर बरोबर आले असते. उपाय म्हणजे प्रत्येक बेरजेला स्वतंत्र उपप्रश्न. ज्याच्याकडे अजून काहीच आवक नाही असा अडत्याही नमुन्यात ठेवावा. त्याची बेरीज शून्य येत नाही, रिकामे मूल्य येते.

मॅनेजरवर लिहिलेली पद्धत ‘फिल्टर’नंतर हाताशी राहत नाही. म्हणून ती क्वेरीसेटवर लिहून ‘ॲज-मॅनेजर’ने मॉडेलला जोडणे बरे, ही सोय २०१४च्या १.७ आवृत्तीत आली. पद्धतींची साखळी दोन्ही क्रमांनी लावून उत्तर एकच येते का, हे पाहावे. मॉडेलमध्ये पहिला लिहिलेला मॅनेजर मूलभूत ठरतो. तो रद्द नोंदी लपवणारा असेल, तर त्या ॲडमिनमधूनही नाहीशा होतात आणि दुरुस्तीला सापडत नाहीत. शेतकऱ्यावरून त्याच्या आवकांकडे जाताना हाच मॅनेजर लागू होतो, पण चुकाऱ्यावरून आवकेकडे जाताना होत नाही. दोन्ही वाटांची चाचणी हवी.

प्रश्नांची संख्या ‘असर्ट-नम-क्वेरीज’ने बांधता येते. क्रम तपासताना मात्र प्रत्यक्ष वापरातलाच डेटाबेस घ्यावा: चढत्या क्रमात रिकामी तारीख पोस्टग्रेस शेवटी ठेवते, एसक्यूलाइट सुरुवातीला. मायग्रेशनमध्ये स्वतःचा मॅनेजर ‘यूज-इन-मायग्रेशन्स’ लिहिल्याशिवाय मिळत नाही, त्यामुळे जुन्या नोंदी हलवणाऱ्या मायग्रेशनची चाचणी स्वतंत्र लिहावी लागते.