फोन मराठीत, प्ले स्टोअर मराठीत, मग गेमच इंग्रजीत का?

समजा, गडचिरोलीतल्या एटापल्लीचं एक पोरगं आहे. घरात माडिया बोलतं, शाळेत मराठी शिकतं. संध्याकाळी आईच्या फोनवर गेम खेळतं. फोनची भाषा मराठी आहे, गेमची इंग्रजी. गोळी कशी झाडायची, गाडी कुठे सापडते, हे त्याला चित्रं आणि युट्यूब बघून पाठ झालंय. तेवढ्यात स्क्रीनवर एक चौकट येते. इंग्रजीत पाच-सहा ओळी आणि खाली दोन बटणं. त्यातलं एक मोठं आणि रंगीत. पोरगं तेच दाबतं.

चौकटीत नियम बदलल्याची सूचना होती की पैसे कापायची परवानगी? त्याला माहीत नाही आणि आईलाही नाही.

खरी अडचण इथेच आहे. गेम खेळायला भाषा फारशी लागत नाही. पैसे परत मागायला मात्र लागते.

लोकलायझेशन म्हणजे नुसतं भाषांतर नाही

एखादा गेम दुसऱ्या भाषेत आणि दुसऱ्या देशात चालेल असा बदलणं म्हणजे लोकलायझेशन. यात मराठीची पहिली अडचण अक्षरांची आहे. ‘किल्ला’ लिहिताना ऱ्हस्व वेलांटी ‘क’नंतर टाईप होते, पण दिसते ‘क’च्या आधी. ही जुळवाजुळव सॉफ्टवेअरला करावी लागते. अनेक मोबाईल गेम युनिटी या इंजिनवर बनतात. त्यातली मजकूर दाखवणारी टेक्स्टमेश प्रो ही पद्धत वर्षानुवर्षं हे काम स्वतःहून करत नव्हती. वेगळी सोय केली नाही तर वेलांट्या भलतीकडे जातात आणि जोडाक्षरं तुटतात.

दुसरी अडचण व्याकरणाची. इंग्रजीत ‘जिंकलं’ सांगायला सगळ्यांना एकच वाक्य पुरतं. मराठीत मुलाला ‘जिंकलास’ आणि मुलीला ‘जिंकलीस’ म्हणावं लागतं. कुणी कुणाला मारलं हे सांगायचं तर एका नावाला ‘ने’ आणि दुसऱ्याला ‘ला’ हवं. म्हणजे शब्द बदलून भागत नाही, वाक्य बनवायची पद्धतच बदलावी लागते.

तिसरी अडचण पैशाची. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते, म्हणजे संख्या कमी नाही. पण भारतात गेम डाऊनलोड भरपूर होतात आणि खेळाडूमागे मिळणारा पैसा अमेरिका-जपानपेक्षा खूप कमी असतो. शिवाय दर अपडेटला नवा मजकूर येतो. ‘इंग्रजीत खेळतायत ना, मग खर्च कशाला?’ असा हिशोब होतो.

पण आपल्या बोलीला गिऱ्हाईक नाही असं म्हणावं, तर याच भागात झाडीपट्टीची नाटकं आहेत. वडसा म्हणजे देसाईगंज हे त्यांचं केंद्र. तिथल्या नाट्य कंपन्या गडचिरोली, चंद्रपूरच्या गावागावांत जातात आणि लोक तिकीट काढून रात्रभर नाटक बघतात.

मग भारतासाठी गेम कधी बदलतो?

पब्जीचंच बघा. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने ११८ ॲप्सवर बंदी घातली, त्यात पब्जी मोबाईल होता. २ जुलै २०२१ ला तोच गेम बीजीएमआय या नावाने भारतासाठी वेगळा करून आला. रक्त लालऐवजी हिरवं झालं. १८ वर्षांखालच्यांना दिवसाला ३ तास खेळायची आणि ७,००० रुपये खर्चाची मर्यादा आली. २८ जुलै २०२२ ला हाही गेम ॲप स्टोअर्सवरून गायब झाला आणि मे २०२३ मध्ये परतला. फ्री फायरवर १४ फेब्रुवारी २०२२ ला बंदी आली.

म्हणजे सरकारची नाराजी टाळायची होती, तिथे कंपनीने रक्ताचा रंगसुद्धा बदलला. भाषेसाठी असं दडपण कुणी आणलं नाही.

या उलथापालथीत खेळाडूंची अकाऊंट्स लटकली. पब्जीचा जुना डेटा बीजीएमआयमध्ये नेण्याची सोय होती, पण ठरावीक मुदतीपुरती. सूचना वाचून वेळेत पावलं उचलली, त्यांनाच तिचा उपयोग झाला. आणि गेममध्ये विकत घेतलेले कपडे किंवा बंदुका कायमच्या आपल्या होत नाहीत. कंपनी फक्त वापरायची परवानगी देते. हे नियमांत लिहिलेलं असतं, पण इंग्रजीत.

कायदा काय म्हणतो?

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात एक महत्त्वाचं कलम आहे. तुमची माहिती घेण्याआधी जी सूचना दाखवतात, ती इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी कुठल्याही भाषेत वाचायचा पर्याय द्यावा लागेल. त्यात मराठी आहे. १८ वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमतीही लागेल. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण मुख्य तरतुदींसाठी कंपन्यांना १८ महिने दिलेत. म्हणजे मे २०२७ उजाडणार.

यात दोन अडचणी आहेत. एक, हे कलम डेटाच्या सूचनेपुरतं आहे. गेम किंवा रिफंडचे नियम त्यात येत नाहीत. दोन, २२ भाषांत गोंडी नाही, माडियाही नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे २९ लाखांहून जास्त होते. त्याहून कमी लोक बोलतात ती बोडो यादीत आहे. गोंडीच्या दोन लिप्या २०१७ आणि २०१८ मध्ये युनिकोडमध्ये आल्यात, त्यामुळे ‘कॉम्प्युटरवर लिहिता येत नाही’ हे कारणही उरलेलं नाही.

तोपर्यंत काय करायचं?

• प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये जाऊन प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा लागेल असं करून ठेवा.

• चुकून पैसे गेले तर ४८ तासांच्या आत गूगल प्लेकडेच रिफंड मागा. त्यानंतर सहसा गेम बनवणाऱ्या कंपनीकडे जावं लागतं.

• पैसे भरून ‘नशिबाची पेटी’ उघडण्याआधी कुठली वस्तू मिळायची शक्यता किती, ते बघा. ती आधी दाखवणं प्ले स्टोअरच्या नियमानुसार बंधनकारक आहे.

• न कळणारी चौकट आली तर बटण दाबू नका. स्क्रीनशॉट काढा आणि गूगल ट्रान्सलेटमध्ये मराठीत वाचा.

• कंपनी दाद देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनला, १९१५ वर फोन करा. तिथे १७ भाषांत बोलता येतं आणि त्यात मराठी आहे. संथाळीसुद्धा आहे, गोंडी मात्र नाही.

म्हणजे एटापल्लीच्या त्या आईला मराठी येत असेल तर निदान तक्रार तरी करता येईल. तिला फक्त माडिया येत असेल तर आजही फोन पोरालाच लावावा लागेल. त्याच पोराला, ज्याने न वाचता बटण दाबलं होतं.