कोल्हापूरच्या संग्रहालयांतील समुद्रदेव

श्रीमहालक्ष्मीच्या दर्शनार्थ कोल्हापुरास जाणारीं कुटुंबें पुष्कळ. परंतु देवळापासून फार दूर नसलेल्या टाऊन हॉलमधील पुराणवस्तुसंग्रहालयांत पाऊल टाकणारीं थोडीं. ही गॉथिक पद्धतीची इमारत चार्लस् मँट या वास्तुशिल्पज्ञाच्या योजनेप्रमाणें १८७२ ते १८७६ या काळांत बांधली गेली.

संग्रहालयाचें मूळ मात्र पंचगंगेच्या कांठीं आहे. तेथील ब्रह्मपुरी या टेकाडावर १९४५-४६ सालीं डॉ. हसमुख सांकलिया व डॉ. मोरेश्वर दीक्षित यांनीं उत्खनन केलें. सातवाहनकालीन भाजलेल्या विटांचीं घरें व नाणीं उजेडांत आलीं. त्याच सुमारास संग्रहालय स्थापन झालें आणि १९४९ मध्यें तें टाऊन हॉलमध्यें आलें.

ब्रह्मपुरींत सांपडलेल्या ब्राँझच्या वस्तूंत पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची एक लहानशी मूर्ति आहे. आपल्या वरुणाचा हा यावनी बंधु घाटावर आला कसा? पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून रोमन साम्राज्याशीं चालणारा व्यापार व घाट चढून येणारे सार्थवाह, हें त्याचें उत्तर होय. संस्कृत ग्रंथांतील ‘सार्थवाह’ हा शब्द आम्हीं वर्गांत अनेक वर्षें शिकविला. त्याचा खरा अर्थ आम्हांस या मूर्तीपुढें उमगला.

ही मूर्ति कोठें मिळाली हें ठाऊक नसतें, तर ती केवळ शोभेची वस्तु ठरली असती. ब्रह्मपुरीच्या मातीनें तिला इतिहासाची साक्षीदार केलें.

आमच्या बालपणीं घराचा पाया खणतांना कांहीं तांब्याचीं नाणीं निघालीं होतीं. वडील मंडळींनीं तीं तांबटास दिलीं व मोडींत एक तपेलें घेतलें. पुढें आम्हीं जुनी लिपि शिकलों. परंतु वाचावयास नाणीं उरलीं नव्हतीं. तपेलें अद्याप घरांत आहे, आणि तें पाहून प्रत्येक वेळीं मन खिन्न होतें.

म्हणून वाचकांस विनंति अशी कीं, विहीर वा पाया खणतांना कांहीं जुनें निघाल्यास तें घांसूं नये, आटवूं नये. स्थळ व खोली लिहून ठेवावी आणि जाणकारांस दाखवावें. दहा रुपयांहून अधिक मोलाचा असा ठेवा कलेक्टरास कळविणें १८७८ च्या कायद्यानें बंधनकारकच आहे. देवदर्शनानंतर मुलांस घेऊन तो समुद्रदेवही पाहावा. देवळांत हात जोडावेत. येथें मुलांस प्रश्न विचारूं द्यावेत.