नव्वद चौरस फुटांतले साठ लाख

१९१० ते १९७० या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतले सुमारे ६० लाख कृष्णवर्णीय लोक घरदार सोडून उत्तरेच्या आणि पश्चिमेच्या शहरांत गेले. १९१० साली शिकागोत त्यांची संख्या होती ४४ हजार. १९७०मध्ये ती ११ लाखांवर पोचली. साठ वर्षांत पंचवीस पट!

हा लोंढा जेकब लॉरेन्स या चित्रकाराने बसवला हार्डबोर्डच्या ६० तुकड्यांवर. एकेक तुकडा १२ बाय १८ इंचांचा. सगळे एकमेकांना चिकटवून लावले, तर नऊ बाय दहा फुटांची एक भिंत भरेल, बस्स. हिशेब मांडला तर चौरस इंचामागे साडेचारशेहून जास्त माणसं.

न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये १९४०-४१ साली हे काम केलं तेव्हा लॉरेन्स जेमतेम तेवीस वर्षांचा होता. त्याचे आईवडीलही याच लोंढ्यातून आलेले. ग्वेन्डोलिन नाइट, जी पुढे त्याची बायको झाली, तिने फळ्यांना अस्तर लावायला हात दिला. मग लॉरेन्सने साठही चित्रं एकदमच रंगवायला घेतली. आधी काळा, जिथे जिथे हवा तिथे, सगळ्या फळ्यांवर. मग पुढचा रंग. असं गडदाकडून फिक्याकडे. पहिल्या चित्रातली छटा साठाव्यात बदलत नाही, ती यामुळे.

लोक निघाले का, तेही त्यात आहे. नवव्या चित्रात कापसाचं बोंड पोखरणारा सोंडकिडा येतो (आपली बोंडअळी वेगळी, पराक्रम तोच). पंधराव्यात जमावाने दिलेली फाशी. पण प्रेत नाही. उघडी फांदी, रिकामा फास आणि खाली गुडघ्यांत डोकं घालून बसलेलं एक माणूस. एवढ्या मोठ्या आकड्यांच्या गोष्टीत मला सगळ्यात जड वाटतो तो हा एकाचा आकडा.

आणि गंमत बघा, शेवटचं चित्र पुरं झालं तेव्हा साठ लाखांतले जेमतेम पंधरा-सोळा लाखच निघाले होते. चाळीस लाखांहून जास्त लोक यायचे होते. शेवटच्या चित्रातही फलाटावर नुसती गर्दी उभी आहे.

१९४२ साली या चित्रमालिकेची वाटणी झाली. विषम क्रमांक वॉशिंग्टनच्या फिलिप्स कलेक्शनकडे, सम क्रमांक न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे. अठ्ठावन्नाव्या चित्रात तीन मुली शाळेच्या फळ्यावर आकडे लिहिताहेत. त्या न्यूयॉर्कला. पंधराव्यातला फास वॉशिंग्टनला.