पहिलीचे वर्ष: जिभेचा क्रम आणि पाटीचा क्रम

इयत्ता पहिलीत मूल लिहायला, वाचायला आणि मोजायला शिकते हे सर्वांना ठाऊक असले, तरी त्यामागच्या कष्टाची कल्पना मोठ्यांना सहसा येत नाही, कारण वाचन एकदा अंगवळणी पडले की ते कधीकाळी जमत नव्हते, याची आठवणच पुसून जाते. शाळेत पाऊल टाकणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाला आपली भाषा उत्तम बोलता येते. मराठी घरातले मूल या वयापर्यंत तीन लिंगे, विभक्तीची रूपे आणि क्रियापदांचे काळ कोणी न शिकवता सहज वापरू लागलेले असते. मात्र बोलणे म्हणजे काहीतरी मागणे, सांगणे, विचारणे, एवढेच त्याला माहीत असते. त्या बोलण्याचे तुकडे पडतात आणि प्रत्येक तुकड्याला कागदावर खूण असते, ही गोष्ट त्याला या वर्षी प्रथमच कळते. संख्यांचेही तसेच आहे. मराठी मुलापुढे या दोन्ही ठिकाणी एक अडचण समान असते, ती अशी की जीभ ज्या क्रमाने बोलते, तो क्रम पाटीवर उतरताना बदलतो.

बोललेल्या शब्दातील ध्वनी वेगळे ओळखता येण्याला शिक्षणशास्त्रात ध्वनिजाणीव म्हणतात. भेंड्या खेळताना शेवटचे अक्षर पकडणारे किंवा बडबडगीतातील यमक जुळले की खुलणारे मूल या जाणिवेचीच तयारी करत असते, आणि म्हणून पहिलीच्या वर्गात गाणी आणि शब्दखेळ यांत गेलेला वेळ वाया गेला असे समजणे ही मोठी चूक ठरते. देवनागरी लिपीचा घटक 'अक्षर' हा आहे, म्हणजे व्यंजन आणि त्यात मिसळलेला स्वर मिळून एक खूण. 'क' लिहिला की त्यातला 'अ' न लिहिता उच्चारला जातो. त्यामुळे 'कमळ', 'घर', 'नळ' असे बिनमात्रेचे शब्द मुलाला तुलनेने लवकर वाचता येतात. खरी चढण त्यानंतर सुरू होते. काना अक्षराच्या पुढे येतो, उकार खाली, मात्रा वर आणि पहिली वेलांटी अक्षराच्या आधी. 'दिवा' म्हणताना तोंडातून 'द' आधी निघतो आणि 'इ' नंतर, पण पानावर डोळ्याला प्रथम वेलांटीच भेटते. डावीकडून उजवीकडे वाचायचे, हा नियम नुकताच कळलेल्या मुलाला इथे त्याला अपवाद करावा लागतो, आणि त्याने वेलांटी चुकीच्या बाजूला काढली तर तो बहुतेक वेळा निष्काळजीपणा नसून कानावर ठेवलेला विश्वास असतो.

बाराखडी हा शब्दच 'बारा अक्षरे' यावरून आला आहे. २००९ च्या शासन निर्णयाने 'ॲ' आणि 'ऑ' हे स्वर वर्णमालेत आल्यापासून काही वर्गांत चौदाखडीही म्हटली जाते. प्रत्येक व्यंजनाची बारा रूपे धरली तरी नजरेने ओळखायच्या आकृत्यांची संख्या चारशेच्या पुढे जाते, आणि त्यात जोडाक्षरे अजून मोजलेली नाहीत. इंग्रजीच्या सव्वीस अक्षरांशी तुलना करून मराठी मूल मागे पडले, असा निष्कर्ष काढणे म्हणूनच अन्यायाचे आहे. कन्नड लिपीची रचनाही अशीच अक्षरांची आहे, आणि सोनाली नाग यांनी कन्नड शिकणाऱ्या मुलांच्या वाचनाचा जो अभ्यास केला, त्यात अक्षरांचा पूर्ण संच हाती येण्याचे काम पहिलीत न संपता पुढच्या इयत्तांतही चालू राहते असे दिसून आले. परंपरागत वर्णमालेचा क्रमही नव्या वाचकासाठी लावलेला नाही. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य आणि ओष्ठ्य असा उच्चारस्थानांनुसार घशाकडून ओठांकडे येणारा तो क्रम ध्वनिशास्त्रातील थोर काम आहे, परंतु त्यात 'ङ' आणि 'ञ' यांसारखी मुलाच्या शब्दांत जवळपास न येणारी अक्षरे फार लवकर भेटतात. म्हणून मराठी शाळांत 'ग म भ न' अशी वळणाने जवळची अक्षरे एकत्र घेण्याची रीत पडली. मूळच्या अमेरिकन आणि नंतर फलटणच्या झालेल्या भाषाशास्त्रज्ञ मॅक्सीन बर्नसन यांनीही मराठी वाचन शिकवण्याच्या पद्धतीवर दीर्घकाळ काम केले.

अंकांकडे वळले की हीच उलटापालट अधिक ठळकपणे दिसते. 'पंचवीस' या शब्दात पाच आधी आणि वीस नंतर ऐकू येतात, लिहिताना मात्र दोन आधी येतो. म्हणून पंचवीस सांगितल्यावर ५२ लिहिणाऱ्या मुलाने ऐकलेले नीटच ऐकलेले असते. त्याहून अवघड जागा 'एकोणतीस' ही आहे. हा शब्द 'तीसला एक उणा' असे सांगतो, त्यामुळे कानावर तीस पडतात आणि पाटीवर दोनाने सुरुवात करावी लागते. शिवाय संख्यानामे नियमाने बनलेली वाटली तरी प्रत्येक दशकात त्यांचे रूप बदलते: पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर या ओळीत तोच पाच दर वेळी वेगळा पेहराव करून येतो. नव्व्याण्णवपर्यंतची नावे त्यामुळे जवळजवळ एकेक करून पाठ करावी लागतात. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात रूढ नावांसोबत 'वीस पाच' अशी वाचनाची पद्धत दिली, तेव्हा भाषेची मोडतोड होत असल्याची ओरड झाली आणि वाद विधिमंडळापर्यंत पोहोचला. पुस्तक तयार करणाऱ्या समितीच्या प्रमुख, गणितज्ञ मंगला नारळीकर यांचे म्हणणे असे होते की संख्यानामांतील जोडाक्षरे आणि उलटा क्रम यांमुळे मुले गणितालाच घाबरतात. रूढ नावे टिकली पाहिजेत यात शंका नाही, कारण बाजारात आणि घरात तीच चालतात. पण 'वीस आणि पाच म्हणजे पंचवीस' असा पूल मुलाला मिळाल्याने भाषेचे काही बिघडत नाही, आणि त्या वादात मुलाच्या अडचणीपेक्षा मोठ्यांच्या सवयीला अधिक मान मिळाला, हे खेदाने म्हणावे लागते.

संख्यानाम म्हणता येणे आणि संख्या कळणे यांत अंतर असते. शंभरापर्यंत न अडखळता म्हणणारे मूल समोरचे सतरा चिंचोके मोजताना एखादा दोनदा मोजते, कारण एका वस्तूला एकच शब्द द्यायचा आणि शेवटचा शब्द संपूर्ण समूहाची संख्या सांगतो, या दोन्ही गोष्टी अनुभवाने कळाव्या लागतात. त्यानंतर येते दशकाची कल्पना, जी या वर्षातील बहुधा सर्वांत मोठी बौद्धिक झेप आहे: दहा काड्यांना दोरा बांधला की त्याच काड्या आता एक गठ्ठा म्हणून मोजल्या जातात, आणि २५ मधला दोन हा दोन काड्यांचा नसून दोन गठ्ठ्यांचा असतो. स्थानिक किंमत हे या कल्पनेचे पुस्तकी नाव. ती हातांनी बांधून आणि सोडून पाहिलेल्या मुलाला पुढे हातच्याची बेरीज समजावणे सोपे जाते. केवळ आकडे गिरवलेल्या मुलाला तीच बेरीज जादूसारखी वाटत राहते.

हाताच्या तयारीचा विचार अनेकदा राहून जातो. मनगटातील लहान हाडे या वयात पूर्ण घडलेली नसतात आणि बोटांवरचा ताबा अजून कच्चा असतो, त्यामुळे दुरेघी वहीत पानेच्या पाने लिहायला लावण्यापेक्षा मातीकाम, मणी ओवणे आणि पाटीवर मोठी वळणे काढणे यांचा उपयोग अधिक होतो. रांगेत थांबणे, पाळीची वाट पाहणे, परिपाठाला उभे राहणे आणि शालेय पोषण आहाराची खिचडी शेजाऱ्यासोबत बसून खाणे हेही याच वर्षी अंगी येते.

केंद्र सरकारच्या २०२१ मधील निपुण भारत अभियानाने पहिलीच्या अखेरीस चार-पाच सोप्या शब्दांचे अपरिचित वाक्य वाचता यावे आणि ९९ पर्यंतचे अंक वाचता-लिहिता यावेत, असे लक्ष्य ठेवले आहे. शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० कामाचे दिवस आणि ८०० तास अपेक्षित आहेत. हे तास पुरेसे वाटले तरी त्यात गृहीत धरलेले मूल घरी प्रमाण मराठी ऐकणारे आहे. मेळघाटातील कोरकू मुलाची भाषा मुंडा कुळातील, गडचिरोलीतील गोंडी मुलाची द्राविडी कुळातील. त्यांना 'घर' हे अक्षरांचे जोडकाम शिकण्याआधी 'घर' हा शब्दच शिकावा लागतो, म्हणजे एका वर्षात दोन वर्षांचे काम करावे लागते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड येथे वारली मुलांसाठी अंगणवाडी सुरू केली, तेव्हा मुलांना शाळेत बोलावण्याऐवजी शाळाच त्यांच्या अंगणात नेली होती, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली होती. तो धडा आजही पुरा गिरवला गेलेला नाही.

ऊसतोड कामगारांच्या मुलांची अडचण वेळेची आहे. जूनमध्ये शाळा सुरू होते, दिवाळीच्या सुमारास गळीत हंगामासाठी बिऱ्हाड हलते, आणि ज्या मुलाची राहण्याची सोय गावातल्या हंगामी वसतिगृहात किंवा आजीकडे झालेली नसते आणि फडाजवळ साखरशाळाही नसते, त्याची पहिली काना आणि वेलांटी यांच्या मध्येच कुठेतरी थांबते. मार्च-एप्रिलमध्ये ते परत येते तेव्हा वर्गातली बाकीची मुले वाक्ये वाचत असतात, गठ्ठे सोडून बेरजा करत असतात, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला थोडेच दिवस उरलेले असतात.