कडपा आणि करपा

धान कापलं की ते दोन-तीन दिवस बांधीतच वाळत पसरलेलं असतं. भंडाऱ्यात त्याला कडपा म्हणतात. करपा हा मात्र रोग. बुरशीमुळे उभ्या पिकाच्या पानांवर ठिपके पडतात.

आता समजा, तिथल्याच लाखांदूरकडची एक बाई अवकाळी पावसानंतर मोबाइलमधल्या बोलत्या सल्लागाराला विचारते, ‘कडपा पान्यात हायेत, का करू?’ यंत्र शब्द ऐकतं म्हणजे अंदाज बांधतं. शिकताना जो शब्द कानावर पडलाच नाही, त्याच्या जागी ते ओळखीचा, जवळच्या उच्चाराचा शब्द बसवतं. ‘करपा’ ऐकून ते तिला बुरशीनाशकाचं प्रमाण सांगेल. तिला तर पंचनाम्यासाठी कुणाकडे जायचं, ते हवं होतं. वर तिला वाटेल, आपलंच बोलणं चुकलं. मला या गोष्टीचा सर्वांत जास्त राग येतो.

ती बोलते त्या झाडीबोलीत पाणी ‘पानी’ होतं, डोळा ‘डोरा’ होतो. साकोलीच्या डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी या बोलीचा आयुष्यभर अभ्यास केला, शब्दकोश केला. म्हणजे शब्दांचा माल आहे. यंत्रापर्यंत तो पोचवायचा आहे.

असा भेदभाव परदेशातही मोजला गेलाय. २०२० साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी पाच बड्या कंपन्यांची बोलणं ओळखणारी यंत्रं तपासली: गोऱ्या अमेरिकनांच्या शंभर शब्दांत सरासरी १९ चुका, कृष्णवर्णीयांच्या ३५. नुसती एकत्रित सरासरी पाहिली असती तर हे दिसलंच नसतं.

त्याच वर्षी मराठीतलाही एक प्रयोग प्रसिद्ध झाला. खेड्यातले आणि शहरातले कमी उत्पन्नाचे लोक, शिवाय विद्यार्थी, अशा ३६ जणांनी मोबाइलवर वाक्यं वाचून १०९ तासांचा आवाज दिला. वाट चांगलीच आहे. पण छापील वाक्य वाचायला दिलं तर उच्चार मिळतात, ‘कडपा’ मिळत नाही. त्यासाठी माणसाला मोकळं बोलू द्यावं लागतं. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेच्या बोली-सर्वेक्षणात लोकांचं बोलणं असंच नोंदवलं गेलं. यंत्र घडवणाऱ्यांनी ते आधी ऐकावं.

आणि खात्री नसेल तिथे यंत्राने सरळ विचारावं, ‘धान उभं आहे की कापलेलं?’ तिने दिलेलं उत्तर लक्षात ठेवावं, म्हणजे पवनीच्या पुढच्या शेतकऱ्याला तोच प्रश्न पुन्हा ऐकावा लागणार नाही. चाचणीला रोवणीच्या बायांना बसवावं, त्या दिवसाची मजुरी देऊन.