पगार किती? आधी विचारा, तास किती!

१०८ ला फोन लागला की ॲम्ब्युलन्स येते. पण ती चालवणारा किती तासांचा जागा आहे, हे आपण कधी विचारतो का?

अपघात झाला, कुणाच्या छातीत दुखायला लागलं, की आपण १०८ फिरवतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ मध्ये ९३७ ॲम्ब्युलन्स घेऊन सुरू झाली. गाडीत दोघं असतात. एक डॉक्टर, बहुतेक वेळा बीएएमएस नाहीतर बीएचएमएस झालेला. आणि एक ड्रायव्हर, ज्याला या कामात ‘पायलट’ म्हणतात. नोकरी कंत्राटी आणि ड्युटी अनेकदा १२ तासांची. आज तुमच्या वर्गात असलेलं कुणीतरी उद्या या गाडीत बसणार आहे. म्हणून हा हिशोब आत्ताच करून बघा.

१८ हजार म्हणजे किती?

समजा, पगार ठरला महिना १८ हजार. रोज ८ तास, २६ दिवस काम केलं तर २०८ तास होतात. तासाला पडले साधारण ८६ रुपये. तोच पगार १२ तासांच्या ड्युटीला असेल तर तास होतात ३१२ आणि हातात तासाला ५८ रुपयेही येत नाहीत. पगाराचा आकडा तोच, पण एका तासाची किंमत एक तृतीयांशाने घसरली.

कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांच्या वरच्या कामासाठी दुप्पट दर दिला. तोच नियम इथे लावला तर जादाच्या १०४ तासांचे पैसे होतात आणखी १८ हजार. म्हणजे अख्खा एक पगार!

‘कॉल नसला की बसूनच तर असतात,’ असं यावर हमखास ऐकायला मिळतं. बसलेले असतात, मोकळे नसतात. फोन वाजला की डबा अर्धवट टाकून निघावं लागतं.

झोप कुणाची, जीव कुणाचा?

१९९७ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या दोन संशोधकांचा अभ्यास आला. सलग १७ तास जागा असलेला माणूस १०० मिलिलिटर रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्यासारखा मंदावतो, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा आहे ३० मिलिग्रॅमची. आता रात्री ८ ते सकाळी ८ ची ड्युटी घ्या. पायलट दुपारी झोपला नसेल आणि सकाळी १० ला उठला असेल, तर पहाटे ३ वाजता त्याचे १७ तास भरतात. नेमकी तेव्हाच त्याला सायरन लावून गाडी पळवायची असते. मागे पेशंट असतो.

मग ८ तासांची ड्युटी का होत नाही? कारण त्यासाठी दिवसाला दोनऐवजी तीन टीम लागतात, म्हणजे माणसं दीडपट. हा खर्च कंत्राटातच धरावा लागतो. तो धरला नाही की त्याची भरपाई कुणाच्या तरी झोपेतून होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे मुंबईच्या गिरणी कामगारांना १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मिळाली. तीही आपोआप मिळाली नव्हती.

सही करण्याआधी हे विचारा

• ड्युटी किती तासांची? नियुक्तीपत्रात तसं लिहिलंय का?
• जादा तासांचा दर काय?
• बदली माणूस आलाच नाही, तर पुढच्या तासांचे पैसे मिळणार का?
• पगाराची स्लिप आणि पीएफ मिळणार का?