सरप्राइज म्हणजे नेहमी गिफ्ट नसतं!

नंदुरबार जिल्ह्यातल्या कोरीटहून मी तुमच्याशी बोलतोय आणि आजचा आपला इंग्रजी शब्द आहे सरप्राइज.

तुम्ही म्हणाल, हा शब्द कोणाला माहीत नाही? रात्री बाराला दारात केक घेऊन उभे असलेले मित्र, फुगे, मग स्टेटसला व्हिडिओ. बरोबर आहे. पण मराठीत येताना या शब्दाचा बहुतेक गोड भागच आपल्याकडे आला. इंग्रजीत तो गोड आहे, कडू आहे आणि कधीकधी चक्क रागाचासुद्धा आहे. हे माहीत नसेल, तर साहेबांनी मेलमधून झापलेलं असतं आणि आपण ते कौतुक समजून बसतो!

आधी एक गैरसमज काढून टाकू. सरप्राइजमधलं 'प्राइज' म्हणजे बक्षीस नाही. बक्षिसाच्या प्राइजमध्ये झेड येतो, सरप्राइजमध्ये तिथे एस असतो. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आलाय. त्यातल्या पहिल्या तुकड्याचा अर्थ 'वर', दुसऱ्याचा 'धरणं, पकडणं'. म्हणजे काय, तर झडप घालणं. पंधराव्या शतकात हा शब्द इंग्रजीत आला, तेव्हा तो लढाईचा शब्द होता: शत्रूला बेसावध गाठणं. ब्रिटिश नौदलात 'सरप्राइज' नावाच्या युद्धनौका होत्या, त्या काही वाढदिवसासाठी नव्हत्या! आश्चर्य वाटणं हा अर्थ नंतर रुळला.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. ५ एप्रिल १६६३ च्या रात्री शिवाजी महाराजांनी पुण्याच्या लाल महालात शिरून शाहिस्तेखानावर छापा घातला. खानाची बोटं गेली, जीव कसाबसा वाचला. इंग्रजीत अशा छाप्याला 'सरप्राइज अटॅक' म्हणतात. शब्दाचा मूळ अर्थ इथे जसाच्या तसा दिसतो.

आता आजचा वापर. नंदुरबारची मिरची सगळ्यांना माहीत आहे. पथारीवर लाल मिरची वाळत पडलीय आणि अचानक अवकाळी पाऊस आला. मराठीत त्या पावसाला कोणी सरप्राइज म्हणेल का? नाही. आपण म्हणू, 'घात झाला'. इंग्रजीत मात्र हे 'नॅस्टी सरप्राइज' आहे. उलट, मिरचीला अपेक्षेपेक्षा जास्त भाव मिळाला, तर 'प्लेझंट सरप्राइज'. म्हणजे हा शब्द एवढंच सांगतो की हे अपेक्षित नव्हतं. चांगलं की वाईट, ते शेजारचा शब्द सांगतो. 'सरप्राइज टेस्ट' आणि 'सरप्राइज व्हिजिट' तर तुम्ही शाळेत ऐकलेच असतील. तिथे कुठे गिफ्ट होतं?

पुढे व्याकरण. इथे खूप जण अडकतात. 'मला आश्चर्य वाटलं' असं म्हणायचं असेल तर 'आय वॉज सरप्राइज्ड'. 'आय वॉज सरप्रायझिंग' म्हटलं, तर अर्थ होतो की मीच इतरांना चकित करणारा होतो. सोपी युक्ती लक्षात ठेवा: ज्याला नवल वाटतं तो सरप्राइज्ड, ज्याचं नवल वाटतं ते सरप्रायझिंग. निकाल सरप्रायझिंग, आपण सरप्राइज्ड. आणि 'सरप्राइज्ड फ्रॉम' म्हणू नका. 'सरप्राइज्ड ॲट' किंवा 'सरप्राइज्ड बाय' म्हणा.

दोन-तीन वाक्प्रचारही पाहू. 'टेक बाय सरप्राइज' म्हणजे बेसावध गाठणं. बघा, जुना अर्थ अजून जिवंत आहे. 'इट केम ॲज नो सरप्राइज' म्हणजे हे होणारच होतं. आणि कोणी दोनदा म्हणालं, 'सरप्राइज, सरप्राइज!', तर बऱ्याचदा तो टोमणा असतो. रोज उशिरा येणारी बस आजही उशिरा आली की आपण म्हणतो ना, 'वा, काय नवल!' अगदी तसंच.

आता सगळ्यात कामाचा मुद्दा. आपल्याकडची कितीतरी मुलं पहिल्या नोकरीसाठी सुरतला, पुण्याला जातात. समजा, साहेबांचा मेल आला: 'आय ॲम सरप्राइज्ड दॅट यू हॅव नॉट सेंट द रिपोर्ट.' शब्दशः अर्थ, 'रिपोर्ट पाठवला नाहीस, आश्चर्य वाटलं.' खरा अर्थ, 'अजून का नाही पाठवला? मी नाराज आहे.' ऑफिसच्या इंग्रजीत राग असा सभ्य कपडे घालून येतो. अशा मेलला स्मायली पाठवायची नसते. उशीर झाला हे मान्य करायचं आणि रिपोर्ट कधी मिळेल ते नक्की सांगायचं.

हीच पद्धत तुम्हालाही वापरता येते. खात्यातून न सांगता पैसे कापले गेले, तर बँकेला लिहा: 'आय वॉज सरप्राइज्ड टू सी धिस चार्ज.' आवाज न चढवता तक्रार पोहोचते. पुढच्या वाक्यात तारीख, रक्कम आणि तुमची मागणी लिहायला मात्र विसरू नका.

तर आजचा गृहपाठ: एक गोड, एक कडू आणि एक रागाचं, अशी सरप्राइजची तीन वाक्यं मोठ्यानं म्हणा आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून स्वतः ऐका. भेटू पुढच्या भागात, नव्या शब्दासोबत!